आण्णांचे पुढचे दोन दात

मंगळवार, संध्याकाळ, परंडा

आज येरमाळ्याहून आण्णा, माझे वडील, दवाखान्यात आले. वरचे पुढचे दोन दात जिभेनंसुद्धा हलत होते. सनई फुंकताना ओठांना आधार याच दातांचा; जन्मभर सनई वाजवलेल्या माणसाला मी ते काढायला सांगितलं.

पेशी स्वतःतलाच खराब भाग पचवतात आणि त्यातून नवं घडवतात. हिरड्यांच्या पेशींत हे कसं चालतं, यावर माझा अख्खा प्रबंध; त्या पेशी मी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवल्या होत्या. आण्णांनाही कधीतरी हौसेनं सांगितलं होतं. ते त्यांनी लक्षात ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं.

"तुझ्या त्या काचेतल्या पेशी वाढल्या होत्या न्हवं? मग माझ्या का न्हाय?"

"तुमची साखर लई वाढलेली, आण्णा. हाड झिजलंय. बशीतलं अजून माणसाच्या तोंडात जमत नाही."

मी एवढंच बोलले. घरात दातांची डॉक्टर असून हिरड्या इतक्या सडेपर्यंत मी कुठं होते? त्या दोन दातांना धरायला हाडच उरलं नव्हतं. चिमटा लावताच सहज आले.

आण्णा दातांत दाबलेल्या कापसातूनच म्हणाले, "देवीच्या यात्रेला औंदा माझ्याजागी दुसरा वाजवणारा बघा म्हणून गावात सांगतो."

थांबा म्हणावंसं वाटलं, पण नवे दात रोवायलाही हाड नव्हतं आणि कवळी सनईच्या फुंकीला टिकेल याची खात्री नव्हती. कशाच्या जोरावर म्हणणार होते?