ओघाने आलेली हानी

रियाध, फेब्रुवारी १९९१

हॉटेलच्या चहात आजही डब्यातलं गोड दूध. माझ्यावरच्या या अत्याचाराची जगात कुणी दखल घेत नाही.

बगदादला बॉम्बखाली मेलेल्या बायकापोरांना लष्करी प्रवक्ता ‘कोलॅटरल डॅमेज’ म्हणाला. मी बातमीत ‘आनुषंगिक हानी’ केलं. फोनवर संपादक खूश, “वा, काय शब्द काढलात!”

पोलंडची स्तंभलेखिका यादविगा जेवायला सोबत होती. तिला कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली, “पंडित, आमच्याकडे असे शब्द सेन्सॉर शिकवायचा. तुम्ही आपखुशीने घडवता?”

“बाई, व्याकरणाने शुद्ध आहे.”

“आणि मेलेली माणसं? ती व्याकरणात कुठे बसतात?”

मी ताट बाजूला सारलं. आनुषंगिक, म्हणजे ओघाने आलेली. ओघाने मेली म्हणे पोरं! शिसारी आली, शब्दाची आणि माझीही.

बातमी छापायला गेली. उद्या घरोघरी वाचतील आणि कुणाला काहीच वाटणार नाही, याची मला भीती वाटते.