फाडलेल्या अर्पणपत्रिकांची वाटणी

मी, ‘खुसपट’ या साप्ताहिक सदराचा गेली एकतीस वर्षे लेखक, वय चौऱ्याहत्तर, राहणार तिसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या मालकीच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याच डॉक्टरांनी मागच्या महिन्यात माझ्या डाव्या गुडघ्याऐवजी उजवा तपासला होता, तरी बुद्धीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. हे लिखाण मी कोणाच्या दडपणाखाली किंवा आमिषापोटी करत नाही. दडपण आणणारे आता उरले नाहीत, आणि आमिष दाखवावे इतका मी महत्त्वाचा नाही.

वकिलाने छापील नमुना दिला होता. त्यात सुरुवातीलाच ‘माझ्या परमप्रिय कुटुंबीयांस’ अशी ओळ होती. माझ्या वतीने परस्पर प्रेम करणारा कागद मी वापरत नाही. म्हणून हाताने लिहितो आहे. माझे नाव शेवटी सहीत आहे, आणि सही कोणालाच वाचता येत नाही, ही तक्रार बँकेची जुनीच आहे.

कलम एक. यापूर्वीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. प्रत्येक वेळी कोणाचा तरी संशय आला म्हणून ती केली होती. चारपैकी तीन संशय खरे निघाले.

कलम दोन. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. न्हाणीघराची भिंत ओल धरते, ती रंग लावून झाकू नये, फोडून नळ बदलावा. आमच्या रस्त्याचे नाव माझ्या हयातीत तीनदा बदलले, खड्डे मात्र मूळचेच आहेत. खरेदीखतावर पहिले नाव आहे, विजेच्या बिलावर दुसरे आणि कोपऱ्यावरच्या पाटीवर तिसरे. घर नावावर करताना तिने तिन्ही लिहावीत. पुढची निवडणूक झाली की चौथे येईलच.

कलम तीन. बँकेतली शिल्लक आहे तेवढी तिचीच. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

कलम चार. पुतण्याला माझी आरामखुर्ची द्यावी, कारण त्याला नीट बसता येत नाही. तो गेली काही वर्षे रोज संध्याकाळी बातम्यांच्या वाहिनीवर आठ चौकटींतल्या एका चौकटीत बसतो आणि उरलेल्या सातांवर ओरडतो. त्याच्या नावाखाली ‘राजकीय विश्लेषक’ असे येते. सरकार बदलले की त्याच्या पाठीमागच्या कपाटातली पुस्तके बदलतात, हे मी दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. मी गेल्यावर तो त्याच चौकटीतून ‘काका आमच्याच विचारांचे होते’ असे म्हणणार. म्हटल्यास खुर्ची परत घ्यावी.

मी कोणत्याच बाजूचा नव्हतो असेही कोणी म्हणू नये, ती तर शुद्ध थाप होईल. मी जुन्या बाजूचा होतो. दिलेला शब्द पाळावा, सरकारने आपल्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नये, पूल बांधण्याआधी खाली नदी आहे का ते बघावे, आणि जे चालले आहे ते मोडण्यापूर्वी ते इतकी वर्षे का चालले हे कोणाला तरी विचारावे. एवढेच माझे राजकारण. पुरोगाम्यांनी मला बुरसटलेला म्हटले, त्याचे काही वाटले नाही. आमच्या बाजूचे म्हणवणारे निवडून आले आणि परंपरेचे रक्षण करतो म्हणत त्यांनी सगळ्यात आधी शंभर वर्षांची झाडे तोडून तिथे परंपरा भवन उभारले, त्याचे वाटले. त्यांच्यावरही मी लिहिले. मग दोन्हीकडची पत्रे यायची, आणि शिव्या दोन्हींत सारख्याच असायच्या.

कलम पाच. संपादकांसाठी. माझ्यावरच्या मृत्युलेखात ‘परखड’ हा शब्द नसावा. ज्याचे आयुष्यभर कोणी ऐकले नाही त्याला मेल्यावर परखड म्हणतात. ‘वरून कठोर, आतून हळवे’ असेही लिहू नये. मी आतून कसा होतो हे बघायला संपादक आत कधी आले नव्हते. माझ्या नावाने सभागृह, पुरस्कार किंवा व्याख्यानमाला काढू नये. व्याख्यानमाला निघालीच, तर पहिले व्याख्यान कोण देईल हे मला आजच माहीत आहे. त्याने माझा एकही लेख वाचलेला नाही.

आणखी एक. माझे सोळाशे लेख कोणत्याही यंत्राला खाऊ घालू नयेत. गेल्या बैठकीत संपादक म्हणाले, “खुसपट तुमच्यानंतरही चालू ठेवता येईल,” आणि म्हणताना त्यांनी संगणकाकडे पाहिले. त्यांना वाटले मी चहाकडे बघतो आहे.

कलम सहा. पुस्तके, सुमारे दोन हजार, रद्दीवाल्याला न देता जुन्या पुस्तकांच्या दुकानात द्यावीत. पुरस्कारप्राप्त पुस्तके सर्वांत खालच्या फळीवर आहेत. ती कोरी आहेत, त्यांना चांगला भाव यावा.

कपाटावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. तो मुलीला द्यावा. तो तिलाच का, हे सांगण्यासाठी माझी कामाची पद्धत सांगावी लागेल.

परीक्षणासाठी पुस्तक आले की मी प्रथम त्याची अर्पणपत्रिका फाडतो. न वाचता, पट्टी धरून. लेखकाला कोणाला खूश करायचे आहे हे एकदा कळले की परीक्षण करणारा त्याच दिशेने घसरतो, असे माझे मत होते. मंत्र्याला अर्पण केलेले पुस्तक जास्त झोडले जाते आणि दिवंगत आईला अर्पण केलेले कमी. दोन्ही अन्यायच. फाडलेली पाने डब्यात पालथी ठेवायची आणि मग पुस्तकाची चाळीस पाने वाचायची. चाळीस पानांत लेखकाची कुवत कळते, पुढे तो तेच पुन्हा सांगतो. ही पद्धत मी नवोदितांना दोन शिबिरांत शिकवली आहे.

सहा वर्षांपूर्वी ‘घरातला विरोधी पक्ष’ नावाचे निबंधांचे पुस्तक टपालाने आले. लेखिकेचे नाव अनोळखी होते. पान फाडले, चाळीस पाने वाचली. त्यांत नव्या जमान्याची सगळी पोपटपंची होती: कुटुंब म्हणजे तुरुंग, जेवणाचे टेबल म्हणजे सत्ताकेंद्र, वडील म्हणजे व्यवस्था. अडतिसाव्या पानावरचा एक उतारा जसाच्या तसा देऊन मी लेखिकेची अशी टर उडवली की संपादकांनी फोन करून अभिनंदन केले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

महिन्याभराने आमच्या कचेरीतल्या मुद्रितशोधक बाई माझ्या टेबलाशी आल्या. अठ्ठावीस वर्षे त्या माझा मजकूर तपासत आहेत आणि कामाशिवाय चार शब्द बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “ते टोपणनाव होतं. पुस्तक तुमच्या मुलीचं आहे. तिनंच मला सांगितलं.”

घरी येऊन मी डबा पालथा केला. पान सापडले. त्यावर तीन शब्द होते: ‘बाबांना, भीत भीत.’

मी तिला फोन केला नाही. आधी वाटले, हा कोणाचा तरी डाव आहे. मला तोंडघशी पाडायला तिला कोणीतरी पुढे केले असणार. तो संशय दोन दिवसांत मेला. मग वाटले, आता शब्द फिरवला तर लोक म्हणणार, लेकीचे निघाले म्हणून पाघळला. पंचवीस वर्षांत मी कोणाच्याही भिडेने एक ओळ बदललेली नाही, ती पोरीसाठी कशी बदलू? तिचे येणे बंद झाले, मीही बोलावले नाही. तिची आई असती तर दोघांचे कान धरून एका खोलीत बसवले असते. ती नव्हती, आणि माझ्या ताठ्याला विचारणारे घरात कोणी उरले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात मी पुस्तक एक्केचाळिसाव्या पानापासून वाचले.

कलम सात. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या अंकात ‘खुसपट’च्या जागी पुढील मजकूर एकही शब्द न गाळता छापावा. छापला तरच माझ्या लेखांचे हक्क वर्तमानपत्राला मिळतील, एरवी नाही. संपादकांचा मला भरवसा नाही, म्हणून तो इथे लिहितो. मृत्युपत्रावर त्यांची कात्री चालत नाही.

“सहा वर्षांपूर्वी मी ‘घरातला विरोधी पक्ष’ या पुस्तकाची टिंगल केली. मी त्याची फक्त चाळीस पाने वाचली होती. ज्या उताऱ्यावरून मी लेखिकेला मूर्ख ठरवले, त्याच उताऱ्याच्या तिने त्रेचाळिसाव्या पानावर माझ्यापेक्षा चांगल्या चिंध्या केल्या आहेत. पहिली चाळीस पाने म्हणजे तिने स्वतःच्या बाजूची केलेली नक्कल आहे, हे मला कळले नाही. एकशे सहाव्या पानापासून ती माझ्यासारख्यांकडे वळते. ते मला पटलेले नाही, पण त्याला उत्तरही अजून सुचलेले नाही. पुस्तक चांगले आहे. मी चुकलो. लेखिका माझी मुलगी आहे, हे परीक्षण लिहिताना मला ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावर मी जे केले ते जास्त वाईट होते.”

कलम आठ. मुद्रितशोधक बाईंना मी काहीतरी ठेवणार होतो. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देणे इष्ट नाही असे वकील म्हणाला, आणि त्यांच्याइतका विश्वासाचा साक्षीदार मला दुसरा नाही. हे त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं झालं. ठेवायला जागा नाही.”

यापुढचा मजकूर मूळ मसुद्यात नव्हता. आज सकाळी अकरा वाजता दोन्ही साक्षीदार, म्हणजे बाई आणि वर सांगितलेले डॉक्टर, सही करायला घरी आले. डॉक्टरांनी न वाचता पेन उघडले. बाईंनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचायला घेतले, तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, आणि कलम सातपाशी थांबल्या.

“हे कोणासाठी लिहिलंय?”

“मुलीसाठी.”

“मग तुम्ही गेल्यावर तिनं हे पेपरात वाचायचं होय? आधी फोन करा. मग सही करते.”

मी म्हणालो, “बाई, हे दडपण झालं. दडपण नाही असं वर लिहिलंय.”

“मग ते वाक्य खोडा.”

डॉक्टरांनी पेन बंद केले. मी फोन केला. नंबर शोधावा लागला नाही, पाठ होता.

“बोला,” ती म्हणाली.

“कशी आहेस?”

“काय झालंय? दवाखान्यात आहात का? तुम्ही असं कधी विचारत नाही.” ती माझीच मुलगी आहे, याला दुसरा पुरावा नको.

मी कलम सात वाचून दाखवले. मग विचारले, “ऐकतेयस ना?”

“ऐकतेय.”

“भीत भीत असं का लिहिलं होतंस?”

“तुम्ही ते पान फाडता हे मला माहीत होतं ना, बाबा. लहानपणी डबा मीच धरून उभी राहायचे. टोपणनाव घेतलं, म्हणजे तुम्ही ओळख मध्ये न आणता खरं काय ते लिहाल. आणि वाटलं, फाडताना एकदा तरी नजर जाईल.” मग म्हणाली, “झोडलंत त्याचा राग नाही. ते तुम्ही सगळ्यांचंच करता. कळल्यावरही गप्प बसलात, त्याचा आला.”

“म्हणून तर लिहून ठेवलंय. मी गेलो की छापून येईल.”

“मुळीच नाही. मेलेल्या माणसाला मी उत्तर कसं देणार? आत्ता छापा. मला उत्तर लिहायचंय.”

“लोक म्हणतील, पोरीचं पुस्तक म्हणून...”

“म्हणू देत की! तुम्ही आयुष्यभर लोकांना म्हणतच आलात.”

मी पेन उघडले. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि डॉक्टर उगाचच माझा गुडघा दाबून बघत होते, या खेपेला बरोबर डावा.

कलम नऊ. कलम सात रद्द. मी त्यावर स्वतः आडवी रेघ मारून बाजूला सही केली आहे. त्यातला मजकूर बाई आजच कचेरीत घेऊन जात आहेत, आणि तो येत्या अंकात ‘खुसपट’ म्हणून छापायचा आहे. संपादकांनी एक शब्द गाळला तरी बाई मला सांगतील. लेखांचे हक्क आता बिनशर्त मुलीचे. डबा न्यायला ती रविवारी स्वतः येणार आहे, तेव्हा कलम सहामधला तेवढा भाग गैरलागू. मला फार बरे वाटते आहे, आणि हे लिहायला लाज वाटत नाही.

तिचे उत्तर सणसणीत येणार. ते छापून आल्यावर त्याला प्रत्युत्तर देण्याचा माझा इरादा आहे. त्यावर ती पुन्हा लिहीलच. तेव्हा हे मृत्युपत्र तूर्त कोणी उघडू नये.

ठिकाण: वर लिहिलेल्या राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर
दिनांक: नऊ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी साडेबारा

लिहून ठेवणार: (सही, न वाचता येणारी)

साक्षीदार एक: डॉक्टर. यांनी माझ्यासमक्ष सही केली, मी यांच्यासमक्ष केली.

साक्षीदार दोन: मुद्रितशोधक. सर्व वाचून, फोन झाल्यानंतर सही केली. पहिल्या परिच्छेदातले दडपणाचे वाक्य चुकीचे आहे, पण राहू दिले.