कोच क्रूस यांची सही

प्रिय ओपल,

तुझं पत्र मिळून नऊ दिवस झाले. तुझे बाबा, आमचे कोच, गेले, हे तू पहिल्याच ओळीत लिहिलंस. मी ते वाचलं, घडी घातली आणि कामावर गेलो. धरणाच्या भिंतीवर दिवसभर काँक्रीट ओतलं. दुपारी घेवडा आणि डुकराचं मांस होतं, तेही सगळं खाल्लं. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं नुसतं वाटत राहिलं. झालं काहीच नाही. कॉलेजच्या नव्या हॉलमध्ये जुन्या कोचांच्या नावांची फळी लागणार, आणि त्यांचं नाव घ्यायचं की नाही हे महिनाअखेरीला ठरणार, असंही तू लिहिलंस. मला विचारलं मात्र काहीच नाहीस.

त्यांच्या हातांवरचे पांढरे ओरखडे आठवतात? अस्वलाने ओरबाडलं, असं आम्हाला सांगायचे. मग एकदा खरं बोलले. त्यांच्या काळी बास्केटबॉल नाचाच्या हॉलात व्हायचा, मैदानाभोवती तारेची जाळी असायची आणि गडी तिच्यावर आपटत खेळायचे. "बायका जाळीतून टोपीच्या पिना टोचायच्या रे! तुमचं काय, तुम्हाला टाळ्या मिळतात." पैसे घेऊन तीन गावांकडून तीन नावांनी खेळले. गुडघे गेले तेव्हा कॉलेजात कोच झाले. मला त्यांनी दगडाच्या खाणीतून उचलून आणलं, तेव्हा मला धड वाचताही येत नव्हतं. फाउलनंतर मिळालेला चेंडू बास्केटमध्ये दोन्ही हातांनी, गुडघ्यांमधून टाकायला लावायचे. एका हाताने टाकला की ओरडायचे, "डेल्बर्ट, गाढवा, माश्या मारतोयस का?"

एका जागी राहणं मला कधी जमलंच नाही, तुला ठाऊक आहे. त्या जानेवारीत एका रविवारी शेजारच्या गावच्या संघाला गडी कमी पडला. मी खोट्या नावाने खेळलो, त्यांनी मला लोकरीचा कोट दिला. सोमवारी कोच म्हणाले, "कोट झकास आहे. कुणी दिला?" मी म्हटलं, मामाने. "तुला मामा नाही रे," एवढंच बोलले. गुरुवारपर्यंत कॉलेजभर बोभाटा झाला.

पुढचं तुला लोकांनी सांगितलं तेवढंच माहीत आहे. खेळण्याबद्दल कुणाकडून काही घेतलं नाही, घेणार नाही, अशा कागदावर आम्ही हंगामाआधी सही करायचो. खाली कोचची सही. कॉलेजने चौकशी लावली, तीत कोचनी सांगितलं, "कागद मी पोराला वाचून दाखवलाच नाही. त्याला वाचता येत नाही. चूक माझी." नोकरी गेली. मग धान्याच्या कोठारावर गाड्यांची वजनं करत बसले. अडाणी पोराकडून फसवून सही घेतली, असं गाव म्हणत राहिलं. तूही तेच धरून बसलीस.

ओपल, त्यांनी वाचून दाखवला होता. दोनदा, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून. वर म्हणाले होते, "माझ्या काळी चालायचं, तुझ्या काळी नाही. कळलं?" मी हो म्हटलं होतं. जाणूनबुजून खोटी सही केली असं ठरलं असतं, तर मला कुठल्याच कॉलेजाने घेतलं नसतं, म्हणून ते खोटं बोलले. चौकशी करणाऱ्यांनी मला विचारलं, "कोच म्हणतात ते खरं का?" मी होकारार्थी मान हलवली. कोच खिडकीकडे बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "चल पळ, सरावाला उशीर होतोय." सराव आम्हा दोघांपैकी कुणालाच उरला नव्हता. मी नंतर कुठेच खेळलो नाही. हे पत्र महिनाअखेरीच्या आत फळीवरची नावं ठरवणाऱ्या मंडळींना दे. माझं नाव झाकू नकोस.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेला,
डेल्बर्ट