सरजाबाईचा शेवटचा सवाल

जिंतूर,
दि. ११ फेब्रुवारी १९८७

आदरणीय, वडीलबंधूसमान माणिकराव यांस,

जिंतूरहून भुजंगचा सलाम. इकडचं क्षेम कळवायची रीत आहे, म्हणून कळवतो की क्षेम नाही. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मी दिलेलं मलम लावता, की प्रोटेस्टंट माणसाच्या हातचं म्हणून तसंच फळीवर पडलंय? (हा विनोद आहे. तुमची बहीण असती तर तिनं सांगितलं असतं की हा विनोद नाही. आता सांगणारं कुणी नाही, म्हणून खुलासा मीच करतो.)

सरजाबाईला जाऊन आज वीस दिवस झाले. मातीच्या दिवशी तुम्ही माझ्या दारातून पाणीही न पिता गेलात. बहिणीच्या मयतीला आलेल्या भावाला, "आता मिस्सा-बिस्सा फिजूल आहे, मेलेल्यासाठी प्रार्थना करून काही होत नसतं," असं ज्यानं चारचौघांत ऐकवलं, त्याच्या घरचं पाणी मीही प्यायलो नसतो. पण त्याच्या आदल्या दिवशी काय घडलं ते तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतही कुणाला ठाऊक नाही. म्हणून लिहितो.

आमचं घर तुम्ही जाणता. तुमची बहीण कॅथलिक, मी प्रोटेस्टंट मंडळीचा कारभार पाहणारा वडील, आणि एकतीस वर्षं दोन्ही पंथ एकाच चुलीवर शिजले. मी सांगायचो, तारण फक्त कृपेनं होतं, विश्वास ठेवला की मिळतं, चांगली कामं करून ते कमावता येत नाही. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "आसंल. पण बायनाबाईला कळा सुटल्यात, मी जाऊन येते." तिचा युक्तिवाद एवढाच. दवाखान्यात ती आया, मी कंपाउंडर. माझी ड्यूटी पाचला संपायची, तिची संपल्याचं मी कधी पाहिलं नाही. तुम्ही एकदा म्हणाला होतात की तुमच्या शिकवणीतही आधी कृपाच असते, पण कृपा घरात आली की गप बसत नाही, भांडी घासायला लागते. मी तेव्हा मोठ्यानं हसलो होतो. (आणि लगेच तुमच्या गुडघ्याची चौकशी केली होती.)

जानेवारीत तिचे पाय सुजले, धाप लागू लागली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मला आतच कळलं होतं. गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "परभणीच्या फादरला बोलवा. तेल लावून घेते." शेवटच्या दुखण्यात फादर कपाळाला तेल लावून प्रार्थना करतात, ते. माणिकराव, ह्या तेलाविरुद्ध मी मंडळीत दोन वेळा उपदेश केलेला आहे. तरी निघालो. शेजारच्या मनकर्णाबाईला तिच्याजवळ बसवलं आणि सातची एस.टी. पकडली. गाडी सुटता सुटता दारातून आमच्या मंडळीचे पाळकसाहेब चढले आणि माझ्याच शेजारी बसले.

"भुजंगराव, परभणीला काय काढलं?"

मी बिमार बायकोचा नवरा होतो. खरं सांगितलं असतं तर त्या भल्या माणसानं एक शब्द काढला नसता. पण माझ्या तोंडून निघालं, "चष्मा करायचाय." पाळकसाहेब खूश झाले. त्यांच्या ओळखीचं दुकान निघालं. मला तिथं घेऊन गेले, खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी उभे राहिले. भिंतीवरची अक्षरं मला वरपासून खालपर्यंत साफ दिसत होती. मी मुद्दाम चुकीची वाचली, नाहीतर खोटं उघडं पडलं असतं. मग त्यांनी माझ्यासाठी चार फ्रेमी नापसंत केल्या. पाचवी त्यांना आवडली. ह्यात दोन तास गेले. फादरांच्या बंगल्यावर पोचलो तेव्हा स्वयंपाकाच्या कुसुमबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "आत्ता तर जीप गेली पाथरीला. अर्धा घंटा न्हाई झाला. उद्याच येतेत आता."

अर्धा घंटा! चिठ्ठी ठेवून परत आलो. दुपारचे तीन वाजले होते. तिनं दाराकडं पाहिलं, माझ्या मागं कुणी आहे का म्हणून. मी सगळं सांगितलं, पाळक, खुर्ची, पाचवी फ्रेम. ती हसली, आणि हसता हसता खोकल्यानं बेजार झाली.

"पाळकाला भ्यालात व्हय? एवढं तर तुमी देवाला बी भीत न्हाईत."

मग बराच वेळ दम घेत राहिली. आणि म्हणाली, "बरं, फादर न्हाई तर तुमीच सांगा. शिकलेले हाव. मी केलं तेवढं पुरंल का?"

माणिकराव, ह्या सवालाचं उत्तर मला पाठ आहे. पुरत नाही, बाई. तुझंही नाही, माझंही नाही, कुणाचंच पुरत नाही. म्हणून तर कृपा. ते जिभेवर आलंही होतं. पण मला दिसली ती नामांतराच्या दंगलीतली पावसाळी दुपार. खेड्यांत घरं पेटली होती, माणसं पळत होती. आमच्या दारावर थापा पडल्या. मी आतून कडी लावून गुडघ्यांवर बसलो होतो, प्रार्थना करत, आणि खरं सांगतो, माझा विश्वास त्या घटकेइतका पक्का कधीच नव्हता. सरजाबाईनं मला ओलांडून जाऊन कडी काढली. तीन बायका आणि एक म्हातारा आत आले, अकरा दिवस राहिले. ह्याबद्दल ती मला नंतर एक शब्द बोलली नाही. ते जास्त वाईट.

मी म्हणालो, "पुरलं, सरजा. पुरून वर उरलं."

"उगं कायबी," ती म्हणाली. पण तिचा चेहरा निवळला. दिवेलागणीच्या आधी गेली.

दुसऱ्या दिवशी फादर आले, पाळकसाहेबही आले. दोघं कबरीपाशी "आधी आपण, आधी आपण" करत राहिले, भांडलं कुणीच नाही. भांडलो फक्त मी, तेही तुमच्याशी. कारण तुम्ही मिस्सा म्हणालात आणि माझं डोकं फिरलं. माझी शिकवण खरी असेल, तर मी मरणाऱ्या बायकोशी खोटं बोललो. आणि तिला सांगितलं ते खरं असेल, तर कडी लावून बसलेल्याचं काय? दोन्हीकडून मीच सापडतो. तुमच्यावर ओरडलो नसतो तर तिथंच रडलो असतो, आणि मंडळी बघत होती. माफी असावी.

आपला,
भुजंग

ता. क. तिच्यासाठी मिस्सा जरूर सांगा. तिला गरज आहे असं मला वाटत नाही. पण तिला आवडलं असतं.

ता. क. २. ह्याचा अर्थ माझं मत बदललं असा घेऊ नये. तारण कृपेनंच होतं. आता तर त्यावाचून मला दुसरा इलाजच दिसत नाही.

ता. क. ३. खरं विचारायचं ते राहिलंच. जिवंत माणसाच्या नावानं मिस्सा सांगता येतो का? येत असेल तर एक सांगा. कुणासाठी म्हणून फादरांनी विचारलं तर माझं नाव द्या. मी कोणत्या मंडळीचा, ते सांगू नका.