येण्याची गरज नाही

४ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची. दोन बॅगा, एक शिलाई मशीन आणि मावशी, एवढा संसार टॅक्सीत कोंबून. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, मावशीनेच मला उचलून आपल्या घरी नेलं. आता मी तिला उचलून आणलंय. टॅक्सीवाला तिला आजी म्हणाला, तर तिने सुनावलं की लग्नच केलं नाही तर आजी कुठून होणार. तो बिचारा वळण चुकला.

नोकरी झकास आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची तीन मजली इमारत, बारा खोल्या, आणि मी तिथली व्यवस्थापक. सहा नंबरची खोली मालकीणबाईंनी आपणहून मावशीला दिली. माझी खोली तळमजल्यावर, खिडकीतून थेट फाटक दिसतं. भिंतींना ताजा रंग आहे आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. मावशीने आल्या आल्या पडद्यांना नावं ठेवली, म्हणजे तिला जागा आवडली.

६ तारीख, बुधवार

काम समजलं. प्रत्येक दाराला आतून एक क्यूआर कोड चिकटवलाय. सकाळी नऊच्या आत त्याच्यासमोर मोबाइल धरायचा, की मेसेज आयता लिहून समोर येतो: 'खोली अमुक. मी ठीक आहे. येण्याची गरज नाही.' आपण फक्त पाठवायचं बटण दाबायचं. तो माझ्या फोनवर येतो, मी वहीत खूण करते. ज्यांचा येणार नाही त्यांचं दार जाऊन वाजवायचं. ते शेवटचं वाक्य आधीच्या व्यवस्थापकाने घातलं म्हणे, उगाच जिने चढायला नकोत म्हणून. पक्का कामचुकार असणार, मला आवडला. कोड लागल्यापासून दोन वर्षांत एकही तक्रार आलेली नाही, असं मालकीणबाई अभिमानाने सांगत होत्या.

मावशीने मात्र मोबाइल धरायला साफ नकार दिला. मी जिवंत आहे हे दाराला कशाला कळवू, म्हणाली. मग मीच चहा घेऊन गेले की माझ्या फोनने तिचा कोड स्कॅन करते आणि बटण दाबून टाकते. पाठवणारीही मी आणि वाचणारीही मी.

११ तारीख, सोमवार

चार नंबरमध्ये एक निवृत्त शिंपी आहेत, सगळे त्यांना मास्टर म्हणतात. माझ्या कुर्त्याची बाही उसवलेली दिसली तर त्यांना चैन पडेना, शिवून दिली तेव्हाच गप्प बसले. टाके असे की शोधून सापडू नयेत.

जिन्यात त्यांनी विचारलं की काल मी दोनदा मेसेज टाकला, नळ गळतोय म्हणून, तू आली का नाहीस. मी त्यांना माझा फोन दाखवला. त्यांचे कालचे सगळे मेसेज 'मी ठीक आहे'चेच होते. म्हटलं, मास्टर, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमच्या. ते काही हसले नाहीत. वर जाऊन पाहिलं तर नळ खरंच गळत होता. प्लंबरला बोलावलं.

१४ तारीख, गुरुवार

मास्टर गेले.

काल दुपारी चार ते पाचच्या दरम्यान त्यांचे तीन मेसेज आले. मी ठीक आहे, येण्याची गरज नाही. तिन्ही वेळा तेच. मी मावशीला वाचून दाखवले. म्हातारा आता दर वीस मिनिटांनी ठीक असतो, असं म्हणून आम्ही दोघी हसलो.

आज सकाळी त्यांचा मेसेज आला नाही म्हणून वर गेले. खुर्चीतच होते. रोज सकाळी तासभर येणारी नर्स म्हणाली, कालच गेलेत. त्यांच्या मुठीतला फोन मी सोडवून घेतला. त्यात पाठवलेले तीन मेसेज होते. 'छातीत दुखतंय, लवकर ये.' मग 'ये ना बेटा.' तिसऱ्यात नुसतं 'ये'. वेळा अगदी त्याच. माझ्या फोनवर मात्र अजूनही ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे.

ते बोलावत होते आणि मी हसत होते. मला स्वतःची लाज वाटतेय.

१५ तारीख, शुक्रवार

बाराही दारांवरचे कोड खरवडून काढले. नखं तुटली. मालकीणबाई म्हणाल्या नेटवर्कचा घोळ असेल, मनाला लावून घेऊ नकोस.

मग दहा नंबरमध्ये गेले. तिथे गाण्याच्या बाई असतात. फरशीवर पडल्या होत्या, घोटा सुजून टम्म. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, मी ठीक आहे, येण्याची गरज नाही. डोळ्यांतून पाणी वाहतंय, माझं मनगट सोडत नाहीत, आणि तेच. पण त्यांच्या ओठांकडे पाहिलं तर ओठ काहीतरी वेगळंच बोलत होते. माझ्या कानांपर्यंत तेवढं एकच वाक्य पोचत होतं. कालपर्यंत नुसते मेसेज बदलत होते, कोड काढले तर आता बोलणंही.

त्या दोन वर्षं तो कोड स्कॅन करताहेत. मास्टरही करत होते.

आणि मी. मावशीच्या वाटचा, रोज —

१६ तारीख, शनिवार

मैत्रिणीला फोन केला. उद्या गाडी घेऊन ये, मावशीला इथून हलवायचंय. तीनदा सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं बाई ठीक आहेस, मग मी कशाला येऊ. आणि तिने फोन ठेवला.

पुन्हा केला. पुन्हा तेच.

कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्याला दारापर्यंत चल म्हटलं, तर तोही हसून मान हलवून निघून गेला.

कागदावर लिहून मावशीला दिलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, ठीक आहेस तर मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं. कागद परत घेतला. माझ्या डोळ्यांना माझीच अक्षरं दिसतात — 'चल इथून'.

खुणेने म्हटलं, चल. म्हणाली, तमाशा पुरे टवळे, गुडघे धरलेत माझे, उद्या बघू.

उद्या पाठीवर घेऊन जाईन. तिने मला नेलं होतं तसं.

१७ तारीख, रविवार

सकाळचे आठ. मावशीला घाम. छाती धरून बसलीये. आज नर्स नाही.

अँब्युलन्सला फोन केला — ठीक असाल तर लाइन अडवू नका म्हणाले.

पाठीवर घेतलं. पहिल्याच पायरीवर ती किंचाळली. परत निजवलं.

फाटकावर धावले. रखवालदाराची बाही धरून ओढली. तो म्हणाला, ठीक आहे म्हणताय आणि ओढताय कशाला मॅडम. बाही सोडवून घेतली. फाटक सोडायची परवानगी नाही त्याला.

ओठ निळे पडताहेत तिचे —

थांब. तिने एकदाही स्कॅन केलेलं नाही. एकदाही नाही. तिचं बोलणं तिचंच आहे. तिचं ऐकतील.

पुन्हा अँब्युलन्सचा नंबर लावलाय. फोन तिच्या तोंडाशी धरलाय. पलीकडून हॅलो हॅलो चाललंय. मी फोनकडे बोट दाखवतेय, तिच्या तोंडाकडे. मावशी बोल. तू बोल. नुसता पत्ता सांग —

माझ्याकडे बघतेय. घाबरलीये. स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी. मी रडतेय ना.

बोल ना गं. तुझ्याशिवाय कुणाचंच —

चेहरा सैल झाला तिचा. हसली. म्हणाली, ठीक आहेस ना तू, मग झालं तर. फोन हाताने बाजूला सारला. माझ्या केसांवरून हात —

मावशी नाही. मी ठीक नाही. ऐक. डोळे उघ