कुलपातला गूळ

वेल्हे, ता. २६ सप्टेंबर २०२५

पाच महिने झाले तुझ्या नवऱ्याला साखरेचा आजार जडून, आन मला ते एसटीत शेजारी बसलेल्या सखूबाईकडून कळतं. परक्या बाईला सगळं ठावं, सख्ख्या आजीला काय बी न्हाई. म्या मेले व्हते काय?

चि. सौ. रत्नास सगुणा आजीचा आशीर्वाद. हितं सगळं बरं हाय. म्हैस व्याली. तू मला पाटीवर अक्षरं शिकवलीस तवा वाटलं नसंल, की ह्याच अक्षरांतून शिव्या खाशील. फोन म्या करणार न्हाई. हितं रेंजसाठी टेकडी चढावी लागती, आन तिकडं तुझी सासू सोजराबाई तुझ्या खांद्याला कान लावून उभी असती. दूधवाला आनंदराव वेल्ह्याहून नसरापूरला टेम्पो नेतो, तुझी कामथडी तितनं जवळच, त्येच्याकडं चिठ्ठी देत जा.

आता नीट ऐक. आजपासून घरात गोड बंद. गुळाची ढेप पेटीत घाल, साखरेचा डबा बी त्यातच, कुलूप लाव आन किल्ली मंगळसूत्रात अडकव. दारात आलेल्याला गूळ-पाणी द्यायची आपली रीत हाय, पण पावणा गेला उडत. गूळ डोळ्यापुढं असला की संपतरावाचा हात जाणारच. भाकरी अर्धी, भात दोन घास. उपाशी राहून कुणाची साखर वाढलेली म्या ऐकली न्हाई.

वाचून दात काढू नकोस. हाय तेवढी माया राहू दे.

सगुणा आजी

कामथडी, ता. ४ ऑक्टोबर

ती. आजीस रत्नाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पेटीला कुलूप लागलं. तू रागावशील म्हणून कळवलं नव्हतं, ते खरंच झालं. यांना गोळ्यांवर भागणारी साखर नाही, रोज दोनदा पोटावर इंजेक्शन आहे. स्वतःच टोचतात. चुलतदीर मानसिंगभावजींनी गोठ्यात सुई पाहिली आणि संपत नशा करतो असं गावभर केलं. तेव्हापासून हे दार लावून टोचतात.

डॉक्टरीणबाईंनी यांना खिशात खडीसाखर ठेवायला सांगितली आहे, असं हे म्हणतात. साखरेच्या रोग्याला कोण साखर खायला सांगेल? गोड खायचा बहाणा म्हणून मी पुडी काढून पेटीत टाकली. हे हसले. म्हणाले, तुझ्या आजीपुढं डॉक्टरचं काय चालणार.

पण आजी, त्या दिवसापासून एक नवीनच सुरू झालंय. सकाळी अकराच्या सुमारास यांचे हात थरथरतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, जीभ जड होते, भलतंच काहीतरी बोलतात. मंगळवारी पाण्याचा तांब्या माझ्या अंगावर भिरकावला. कपाळाला तीन टाके पडले. जेवण झाल्यावर विचारलं तर यांना काहीच आठवत नव्हतं, उलट मलाच विचारत होते की कुठं पडलीस. पितात का गं हे? मी कधी पाहिलं नाही.

सासूबाईंना सांगितलंय की पाय घसरला. तुझी आठवण रोज येते. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी रत्ना

वेल्हे, ता. ८ ऑक्टोबर

चि. रत्नास आशीर्वाद.

पितो. त्यात विचारायचं काय? हात कापतात, घाम येतो, जीभ जड, मारून विसरतो. तुझा आजा गेनू ह्याच चार गोष्टी करायचा. म्या अकरा वर्सं मार खाल्ला, डाव्या कानानं अजून ऐकू येत न्हाई. बाराव्या वर्सी दारात उभी राह्यले, त्येच्या तोंडाचा वास घेतला आन मुसळ घातलं. मनगट मोडलं. त्यापुढं मरंपतुर त्येनं हात उचलला न्हाई. वाकड्या हातानं जेवायचा आन माझ्याकडं बघायचा न्हाई. मला तवा वाईट वाटलं न्हाई, आज बी वाटत न्हाई.

तू अकरा वर्सं थांबायची न्हाईस. आनंदरावाच्या टेम्पोत गेनूचीच वेळूची काठी धाडली हाय. डोक्यात घालू नकोस, माणूस मरतो. गुडघ्याखाली घाल, न्हाईतर बरगडीत. एकदा भ्याला की सुधारतो.

टाके कधी काढायचे ते विचारून घे. रडली असशील तर तोंड धू.

सगुणा आजी

कामथडी, ता. ११ नोव्हेंबर

ती. आजीस नमस्कार.

महिनाभर लिहिलं नाही. तांब्याच्या प्रकारानंतर शेतात काम नव्हतं, थोडे दिवस बरे गेले, मला वाटलं काठी बघूनच सुधारले.

शुक्रवारी भात झोडायला घेतलं. यांनी सकाळी इंजेक्शन घेतलं आणि तुझ्या हुकमाप्रमाणं अर्धी भाकरी खाल्ली. आभाळ भरून आलं होतं, म्हणून आधी पेंढ्या संपवू, मग जेवू असं ठरलं. एक वाजून गेला. यांनी हातातली पेंढी टाकली आणि नुसते बघत उभे राहिले. मी दंडाला धरून बसवायला गेले तर कमरेचा विळा उपसून त्याची मूठ माझ्या तोंडावर मारली. पुढचे दोन दात तिथंच पडले. झोडलेल्या भातावर रक्त सांडलं. मी बांधावर ठेवलेली तुझी काठी उचलली आणि बरगडीत घातली. दोनदा. हे विळा घेऊन माझ्यावर आले, झटापटीत मंगळसूत्र तुटलं. मानसिंगभावजी आणि आणखी दोघांनी यांना आंब्याला बांधलं आणि काठीनं, लाथांनी बडवलं, आज ह्याची सगळी दारू काढतो म्हणून. हे गळून गेले, तोंडाला फेस आला, अंगाला झटके यायला लागले. सोंग करतोय म्हणून तरीही मारतच होते. आजी, मी थांबा म्हणाले नाही. मी तोंडाला पदर लावून बघत होते.

गावातली आशा कार्यकर्ती सुलक्षणा रस्त्यानं चालली होती, ती ओरडत आली. तिनं दोर सोडले, यांना कुशीवर वळवलं आणि तोंडाजवळ नाक नेलं. म्हणाली, दारूचा वास कुणाला आला? कुणालाच आला नव्हता, कारण कुणी घेतलाच नव्हता. मग तिनं विचारलं की हे जेवलेत कधी, आणि साखर आणा म्हणाली. किल्ली मंगळसूत्राबरोबर पेंढ्यात हरवलेली. भावजींनी घरी पळत जाऊन कुऱ्हाडीनं पेटी फोडली. ते साखरेचं पाणी तोंडात ओतायला लागले तर तिनं हात झटकला. बेशुद्ध माणसाच्या छातीत पाणी जातं म्हणाली. गालाच्या आत चिमूटभर गूळ चोळला आणि टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं.

रक्तातली साखर सव्वीस निघाली. डॉक्टर म्हणाल्या, इंजेक्शन अंगात गेलं आणि पोटात काही नसलं की मेंदूच उपाशी पडतो, माणसाला आपलं कोण ते कळत नाही. हात थरथरायला लागले तेव्हाच साखर तोंडात टाकली असती तर पुढचं काही घडलं नसतं. खिशातल्या पुडीचं त्यांनी विचारलं. ती मीच पेटीत टाकली होती.

यांच्या तीन बरगड्या मोडल्यात. डावा डोळा अजून उघडत नाही. काल घरी आणलं. माझं तोंड बघून विचारत होते की कुणी मारलं, त्याला सोडणार नाही. सासूबाईंनी सांगून टाकलं. तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून पडलेत. आज सकाळी इंजेक्शन घेतलं नाही. म्हणतात, हेच टोचून मी राक्षस होतो, आता टोचणार नाही. सुलक्षणानं बजावलंय की यांच्या साखरेला इंजेक्शन सुटलं तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. तिचंही ऐकत नाहीत. माझं कुठल्या तोंडानं ऐकतील?

तुझ्या शब्दाला हे मान देत आलेत. काहीतरी कर. आनंदराव थांबलेत म्हणून पुरे करते.

रत्ना

वेल्हे, ता. ११ नोव्हेंबर, दुपार

संपतराव, आधी सुई टोचा, भाकरी खा, आन मगच पुढं वाचा. तवर कागद मिटून ठिवा. म्या थांबते.

नातजावई संपतरावांस सगुणाबाईचा रामराम.

रत्नाचं पत्र वाचून म्या दवाखान्यात गेले आन नर्सबाईला दोनदा सगळं वदवून घेतलं. हात कापला, घाम सुटला, की लगेच गूळ न्हाईतर साखर. पाव तासानं बरं न्हाई वाटलं तर परत. मग जेवण. कामाच्या दिशी जेवणाची येळ चुकवायची न्हाई. इंजेक्शन कमी-जास्त डॉक्टरीण करील, तुमी न्हाई आन म्या बी न्हाई.

गेनूला मारलं तवा म्या आधी वास घेतला व्हता. रत्नाला काठी धाडली, वास घे असं लिवायचं राह्यलं. हितं बसून न्याय केला. गूळ म्या कुलपात घातला, भाकरी म्या अर्धी केली, बरगड्या म्या मोडल्या. काठी नुसती पोरीच्या हातात व्हती. माफी मागायची मला सवय न्हाई. बरं झाल्यावर हितं या, म्या पाठ करून बसते, दोन घाला. आवाज करणार न्हाई.

आता तुमचं. रत्नाचे दात पडले तवा तुमी जाग्यावर नव्हता. पण आता तुमाला ठावं झालंय. ह्यापुढं खिसा रिकामा ठिवून शेतात गेलात आन हात उठला, तर तो तुमचाच हात, साखरेचा न्हाई. म्या मुसळ ठिवून दिलंय, फेकलं न्हाई. आन सुई सोडून मेलात तर पोरीनं काठीनं मारला असं मानसिंग गावभर करील. हाणणारा तोच, पर नाव पोरीचं घील. मारायचंच नसंल तिला, तर जगा.

गुळाची ढेप धाडली हाय. पेटीला दुसरं कुलूप आणू नका. हर सदऱ्याच्या खिशात खडा पायजे. दारात कोण बी आलं तर गूळ-पाणी द्यायचं, मानसिंगाला बी द्या, पर बसवू नका. ती काठी बंबात घाला. रत्नाला म्हणावं, दात बसवून घे, असलं तोंड मला दावू नकोस.

माया असंल तेवढी असू द्या. आनंदराव टेम्पो बंद करून दारात उभा राहील. उत्तर रत्नानं लिवायचं न्हाई, सुलक्षणानं न्हाई, तुमीच लिवायचं. हात थरथरला तर आधी गूळ खा, मग लिवा. थरथरलेलं अक्षर मला चालणार न्हाई.