दोन गल्ल्यांपलीकडे

मॉस्को, १२ डिसेंबर १६२१

प्रिय टॉमझिन,

अनेक आशीर्वाद. तू आणि मुली खुशाल असाल. मी बरा आहे. इथे शाई गोठते, म्हणून दौत शेगडीशी ठेवून लिहितोय. कोबीचं सूपही आता आवडायला लागलंय. सोमवारी झारची भेट झाली. राजाचं पत्र दिलं, आपल्या व्यापाऱ्यांची जकात माफ झाली. केंब्रिजला शिकलेला वैद्य राजदूत म्हणून शोभला, असं सगळे म्हणाले.

राल्फबद्दल लिहायचं टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

इथला रिवाज असा, की झारची भेट होईपर्यंत परक्या दूताने कुणालाही भेटायचं नाही, आपल्या माणसांनाही नाही. दारावर पहारा असतो. तुझा नवरा राल्फ दोन गल्ल्यांपलीकडे तापाने पडलाय, हे मला पहाऱ्याचा नायक साव्वा याच्याकडून कळलं. मी विनवण्या केल्या.

"वैद्य म्हणून जायचंय ना? आत्ता जा," तो म्हणाला. "घसरगाडी जोडून देतो. पण वैद्य बाहेर पडला, की राजदूत आत यायचा नाही. तुमच्या राजाचं पत्र तसंच परत न्या."

"अहो, मेहुणा आहे माझा!"

"मग तर सोपंच आहे की."

मी गेलो नाही. साव्वाबरोबर राल्फला निरोप धाडला: मी स्वतः येतोय, धीर धर. भेट उद्या, भेट परवा, असं दरबारातले लोक सांगत राहिले आणि मी विश्वास ठेवत राहिलो.

सोमवारी भेटीनंतरची झारची मेजवानी संपताच धावलो. घरमालकीण अगाफ्या दार अडवून उभी राहिली. "आलात होय राजदूतसाहेब? डच वैद्य आला होता, त्याला याने परत पाठवलं. म्हणाला, माझ्या बायकोचा भाऊ येतोय, दुसऱ्याचा हात लावून घेणार नाही."

राल्फ आदल्या दिवशीच गेला होता. इथली जमीन दगडासारखी गोठलेली. हिवाळ्यात मेलेल्यांना वसंतापर्यंत एका लाकडी घरात ठेवतात. तिथे मी सवयीने त्याचं मनगट धरलं.

मी त्याला वाचवलं असतं का? माहीत नाही. या 'माहीत नाही'च्या आड लपावंसं वाटतं, तेही मला दिसतं. पण डच वैद्य कुशल आहे, आणि तो माझ्या निरोपापायी परत गेला. हे तुला माझ्याच हातून कळायला हवं होतं.

उन्हाळ्यात परतेन. तुझ्या दाराशी येईन, आत मात्र बोलावलंस तरच.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझा भाऊ
अँब्रोझ